राहील… जाईल…

जसं घडलं तसंच सांगतेय. पदरचा एक शब्द घातलेला नाही.

हे जिच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी आत्या. भुताखेताच्या गप्पा रंगायला लागल्या की कंटाळून चहा टाकायला उठणारी बाई. तिनेच मला हे सांगितलं, तेही एकदाच. सांगताना ती सारखी दाराकडे बघत होती.

आत्या पॅथॉलॉजिस्ट. रक्त-लघवी तपासणारी नव्हे, हे ती भेटेल त्याला बजावते. कुणाच्या अंगात गाठ निघाली की सर्जन ती काढून बाटलीत घालून तिच्याकडे पाठवतात. मग तो तुकडा मेणात बसवायचा. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे. काचेवर घेऊन रंगवायचे. गुलाबी आणि जांभळे. त्या काचेत डोकावून आत्या सांगते, हे साधं की वाईट. वाईट तर किती वाईट. काढलेल्या तुकड्याची कड मोकळी आहे, की रोग कडेपर्यंत पोचलाय. आणि या सगळ्यावरून, पुढे या माणसाचं काय होईल.

"सर्जन गाठ काढतो. पण ती गाठ कोण आहे, ते मी सांगते," असं ती म्हणायची. जरा तोऱ्यातच.

आम्ही भाचरं तिला काचवाली आत्या म्हणायचो.

तिची खोली हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, मागच्या बोळाच्या टोकाला. तिकडे पेशंट येत नाहीत, नातेवाईक येत नाहीत. गरम मेणाचा आणि औषधाचा वास नाकात बसतो तो घरी जाईपर्यंत जात नाही. आत्या काच बघता बघता छोट्या रेकॉर्डरमध्ये रिपोर्ट बोलायची. बाहेरच्या खोलीत टायपिस्ट हेडफोन लावून तो टाइप करायची. ही टायपिस्ट म्हणजे बारीक अंगाची, अखंड चिवचिवणारी मुलगी. सगळे तिला चिमणीच म्हणायचे.

थंडीचे दिवस होते. संध्याकाळची वेळ. बाकीचे घरी गेले होते, या दोघी काम उरकत होत्या.

चिमणी गळ्यात हेडफोन अडकवून दारात आली.

"मॅडम, रिपोर्टच्या शेवटी 'जाईल' असं लिहायचंय का?"

"काय जाईल?"

"काय माहीत. तुम्हीच म्हटलंय ना. म्हणजे… तुम्ही नाही. दुसरंच कुणीतरी."

आत्या हसली. कामाचा ताण, दुसरं काय. तिने हेडफोन कानाला लावले.

आधी तिचाच आवाज. "…कडा मोकळ्या आहेत. पूर्णविराम."

मग खोलीतली शांतता…

मग कुणीतरी श्वास घेतला. अगदी जवळ. बोलायच्या आधी माणूस घेतो तसा.

आणि एकच शब्द.

"जाईल."

बाईचा आवाज नव्हता. पुरुषाचाही नव्हता. थकलेला, कोरडा. तोच तोच मजकूर वाचून कंटाळलेल्या माणसाचा असावा तसा.

त्या वेळी खोलीत आत्या एकटी होती. दार लावलेलं होतं.

"जुन्या रेकॉर्डिंगचं काहीतरी मिसळलं असेल," आत्या म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी नवा रेकॉर्डर मागवला.

नव्यावरही तेच.

प्रत्येक रिपोर्टनंतर नाही. कधी आठवडा आठवडा काही नाही. मग अचानक एखाद्या रिपोर्टच्या शेवटी तो श्वास… आणि एक शब्द. कधी "जाईल." कधी "राहील."

दोघींनी ठरवलं, लक्ष द्यायचं नाही. चिमणी तो शब्द सोडून टाइप करायची. पण तिची चिवचिव कमी झाली. हेडफोन लावायच्या आधी ती खुर्ची सरकवून भिंतीला पाठ लावून बसायला लागली.

उन्हाळ्यात एकदा सर्जन खाली आले. उंच, मोठ्याने बोलणारे गृहस्थ.

"तुम्ही त्या घशाच्या गाठीचं एवढं वाईट लिहिलं होतं, आठवतंय? सगळ्यात वरचा ग्रेड, गळ्यातल्या गाठींमध्येही पसरलेलं. अहो, ती बाई ठणठणीत आहे! आम्हीच चक्रावलोय. आणि ते स्तनाचं, लहानशी गाठ, कडा मोकळ्या, सगळं छान होतं ना? गेली ती. काही कळत नाही बघा."

ते गेल्यावर आत्या खुर्चीतून उठली. मग तिने बाहेरच्या खोलीत बघितलं. चिमणी तिच्याकडेच बघत होती.

"घशाच्या बाईला 'राहील' होतं, मॅडम," ती हळूच म्हणाली. "मला आठवतंय."



आत्यासारखी बाई अशा वेळी काय करील? तिने तपासायचं ठरवलं. मागचे पेशंट शोधले, सर्जनना विचारलं. ज्याला राहील म्हटलं होतं, तो होता. ज्याला जाईल म्हटलं होतं, तो गेला होता, नाहीतर अंथरुणाला खिळला होता. रिपोर्टशी त्याचा कधी मेळ बसायचा, कधी बसायचा नाही. आत्याचा अंदाज चुकायचा. तो आवाज चुकत नव्हता.

मग एका पोटाच्या तुकड्यावर तिने बिनधास्त लिहिलं, साधी सूज. आणि मागून आलं… "जाईल."

तिने सही केली नाही. मेणाचा ठोकळा परत कापायला लावला. आणखी खोल, आणखी खोल. शेवटी एका कापात, कोपऱ्यात लपून बसलेल्या दोन-चार वाईट पेशी सापडल्या. पहिल्या काचेत त्यांचा मागमूस नव्हता. सर्जननी तातडीने ऑपरेशन केलं. आत्याला हायसं वाटलं. तिला वाटलं, कोण का असेना, आपल्याला मदत करतंय.

ऑपरेशनमध्ये निघालेला भाग तिच्याकडे आला. तिने तपासला. सगळं निघालं होतं. ती जवळजवळ आनंदातच बोलली, "कुठेही रोग शिल्लक नाही. पूर्णविराम."

शांतता…

श्वास…

"जाईल."

आणि तो माणूस गेलाच. जखम चिघळली, ताप उतरलाच नाही.

तेव्हा तिला उमगलं. हा आवाज इशारा देत नव्हता. तो नुसता सांगत होता.

त्यांच्याकडे एक गाडीवाले काका होते. बाहेरच्या दवाखान्यांतून तुकड्यांच्या बाटल्या गोळा करून लॅबमध्ये आणायचे. पेटी टेबलावर ठेवत रोज एकच विनोद करायचे, "घ्या मॅडम, आजचं पार्सल! उघडून खाऊ नका हं!" आणि रोज स्वतःच हसायचे. आत्याच्या नात्यातले नव्हते, पण तिला घरचेच वाटायचे.

काकांच्या खांद्यावर एक गाठ होती. लिंबाएवढी, मऊ. काढून टाकली. दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच गाठीची बाटली ते स्वतःच घेऊन आले.

"आज माझा नंबर, मॅडम. नीट बघा, माझं घर चालायचंय त्याच्यावर."

चरबीची गाठ. याहून निरुपद्रवी काही नसतं. आत्याने दोन ओळींत रिपोर्ट बोलला.

थोड्या वेळाने बाहेर तो टाइप करताना चिमणीच्या हातून काहीतरी खाली पडलं. आत्या धावत गेली. हेडफोन जमिनीवर होते आणि चिमणीच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

"काकांना नको ना, मॅडम…"

आत्याने ती गाठ पूर्ण कापली. मेण संपेपर्यंत कापली, काप रंगवले, एकेक काच कडेपासून कडेपर्यंत बघितली. चरबी. नुसती चरबी. मोठ्या शहरातल्या तिच्या सरांना काचा पाठवल्या. सरांनी फोनवर विचारलं, "ही चरबीची गाठ मला कशाला पाठवलीस? बरी आहेस ना?"

मग तिने काकांच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. छाती, पोट, हृदय, रक्त. काका वैतागले. "अहो, खांद्याची गाठ काढली ना? आता काय माझं इंजिन खोलणार?"

सगळं स्वच्छ निघालं.

"काका, तुम्हाला काहीही झालेलं नाही," आत्या म्हणाली. काका मान हलवून हसले आणि गाडी काढायला गेले.

पंधरवडाही झाला नसेल. भर दुपारी सिग्नलला थांबलेल्या त्यांच्या गाडीवर मागून ट्रक आला.

काका जागेवरच गेले.

पोलिसांनी मागची पेटी संध्याकाळी लॅबमध्ये आणून दिली. गाडीचा पार चेंदामेंदा झाला होता, पण पेटीतल्या एकाही बाटलीला तडा गेला नव्हता. आत्याला ते तुकडे तपासावेच लागले. त्या माणसांचा काय दोष?

"पेशींमध्ये मी ट्रक कुठे शोधणार होते गं?" हे मला सांगताना तिचा आवाज फाटला.

त्यानंतर तिने रेकॉर्डर कपाटात टाकला. रिपोर्ट स्वतः टाइप करायला लागली. दोन बोटांनी. चिमणीला हिशेबाचं आणि फोनचं काम दिलं. सर्जन ओरडले, रिपोर्ट उशिरा येतात म्हणून. आत्या ऐकून घ्यायची.

आवाज थांबला.

महिने गेले. चिमणी परत थोडीथोडी चिवचिवायला लागली.

मग माझ्या बाबांना त्रास सुरू झाला. बाबा म्हणजे आत्याचे थोरले भाऊ. आतड्यात देठावर वाढलेल्या कोंबासारखी एक गाठ होती, ती काढली. सगळ्यांनी आत्याला सांगितलं, घरातल्या माणसाचं दुसऱ्या कुणाला तरी बघू दे. ती ऐकेना.

"दादाची काच मीच बघणार."

त्या संध्याकाळी ती एकटी काचेवर वाकून बसली होती. कोंबाच्या टोकाशी वाईट पेशी होत्या. पण फक्त टोकाशी. देठ स्वच्छ. सगळं वेळेवर आणि पूर्ण निघालं होतं. तिचे डोळे भरून आले. ती टाइप करायला लागली, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने तोंडाने पुटपुटलीही…

"देठ मोकळा आहे. पूर्णविराम."

रेकॉर्डर कपाटात होता. बंद.

खोलीत शांतता…

आणि तिच्या उजव्या कानाशी कुणीतरी श्वास घेतला.

रेकॉर्डिंगमध्ये नाही. खोलीत. कानाच्या पाळीला गार लागला म्हणाली.

आत्याने दोन्ही कान गच्च दाबले आणि ओरडायला लागली. शब्द नाही, अर्थ नाही, नुसतं मोठ्याने. लहान मुलं ऐकायचं नसलं की करतात तसं. डोळे मिटून, घसा सुकेपर्यंत ओरडली.

थांबली तेव्हा खोली रिकामी होती.

दारात चिमणी उभी होती. हातात चहाचे दोन कप. एक कप कलंडला होता आणि गरम चहा तिच्या पायावर सांडत होता. तिला ते कळतही नव्हतं.

तिचे कान झाकलेले नव्हते.

"ऐकलंस?" आत्याने विचारलं.

 चिमणीचे ओठ हलले.

"नको!" आत्या किंचाळली. "सांगू नकोस. कधीच सांगू नकोस. मी पाया पडते तुझ्या."

चिमणीने कप टेबलावर ठेवले आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर आली नाही.

आज बाबा बरे आहेत. तपासण्या वेळेवर होतात, सगळ्या स्वच्छ येतात. मजेत आहेत. पण आत्या त्यांना गाडी चालवू देत नाही. स्टुलावर चढू देत नाही. दिवसातून कितीदा तरी फोन करते, "दादा, कुठे आहेस?" बाबांना वाटतं, वय झालं की बायका अशा होतात. त्यांना यातलं काहीच माहीत नाही.

मला वाटायचं, असला कसला आवाज? आत्याचा थकवा असेल, धक्का असेल. मी स्वतःची समजूत घातली होती.

मागच्या महिन्यात मी आणि बाबा झेरॉक्सच्या दुकानात गेलो. काउंटरवर बारीक अंगाची एक मुलगी होती. बाबांनीच ओळखलं. "अगं, तू चिमणी ना? माझ्या बहिणीकडे होतीस!"

तिने वर बघितलं. बाबांना बघून तिच्या हातातले कागद तसेच राहिले.

"कसे आहात, दादा?"

"एकदम झकास!"

ती हसली. मग आतून खुर्ची आणली. पदराने… नाही, ओढणीने पुसली. बाबांना बसवलं. पाणी दिलं. थंड हवंय की साधं, विचारलं. झेरॉक्सचे पैसे काही केल्या घेईना. बाबा बोलत होते आणि ती एकटक त्यांच्याकडे बघत ऐकत होती. एवढं मऊ, एवढं जपून मी कुणाला कुणाशी वागताना बघितलं नाही.

निघताना मी मागे राहिले. तिला विचारायला तोंड उघडलं.

तिने माझ्याकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली. कागद नीट लावायला लागली. ते आधीच नीट होते.

बाहेर बाबा पायरी उतरत होते.

"किती गोड मुलगी आहे नाही?" ते म्हणाले.

मी धावत जाऊन त्यांचा हात धरला.