आग विझवण्याची चेष्टा

अनुयाने लाल सिलिंडरचा दांडा तीनदा दाबला. काही नाही! समोरच्या ट्रेमध्ये आग मजेत जळत होती आणि मागे अख्खं विमा कार्यालय हसायला टपलं होतं.

"अगं बाई, अडलंय कुठं हे मेलं…" ती पुटपुटली.

"पिन ओढायची राहिली, मॅडम," शेजारून कुणीतरी चक्क मराठीत म्हणालं.

जयपुरात, सिव्हिल लाइन्समध्ये मराठी! तिने वळून पाहिलं. अग्निसुरक्षेचं प्रशिक्षण द्यायला आलेला संकल्प. ओठ गंभीर, डोळे मात्र हसरे… तिने पिन ओढली, दांडा दाबला आणि आगीऐवजी त्याचे बूटच पांढरेफटक करून टाकले.

प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याला हे प्रशिक्षण सक्तीचं होतं. साताऱ्याहून आलेली अनुया सगळ्यांत नवी, म्हणून श्रीपाद साहेबांनी तिला दुसऱ्या मजल्याची फायर वॉर्डनही करून टाकलं. मग सिलिंडरची तारीख बघायला, जिन्यातली खोकी हलवायला लावायला संकल्प वरचेवर येऊ लागला. एवढी खोकी त्या जिन्यात नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्याचे वडील रेल्वेत. जन्म, शाळा, सगळं इथल्याच शास्त्री नगरात. मराठी फक्त घरात, तीही अर्धी हिंदी.

"तुमची मराठी गोड आहे," ती म्हणायची.

"मतलब, चुकीची आहे?"

"मतलब, गोड आहे."

एका दुपारी जिन्यात तो अडखळत म्हणाला, "अनुयाजी, तुम्ही… मला फार आवडता." तेवढ्यात साहेबांची हाक आली आणि ती पळाली. दुसऱ्या दिवशी तिनेच धीर केला.

"काल तुम्ही बोललात, ते—"

तो कानापर्यंत लाल झाला. "ते ना… मी चेष्टा करत होतो. नीट जमली नाही."

चेष्टा! "बरं," एवढंच म्हणून ती जागेवर गेली. त्याच दिवशी तिने साताऱ्याला परत बदलीचा अर्ज साहेबांकडे दिला. पुढचे दोन आठवडे तिने त्याचा एकही फोन उचलला नाही.

अर्ज ज्या दिवशी मुख्य कार्यालयाला जायचा होता, नेमका त्याच दिवशी आगीचा सराव होता. शिकवायला संकल्पच. वॉर्डनला पहिल्या रांगेत बसणं भाग, पण तिने वहीतून मान वर काढली नाही. तोही छापील हिंदीत बोलत होता.

"आग छोटी हो और पीछे निकलने का रास्ता खुला हो, तभी उसे बुझाने की चेष्टा करें।"

अनुयाला फिसकन हसू आलं. आगीची चेष्टा? पण बाकी सगळे मुकाट लिहून घेत होते. तिने शेजारच्या देवराम शिपायाला हळूच विचारलं, "ये चेष्टा मतलब?"

"कोशिश, मैडम। और क्या!"

तिचं हसू जागच्या जागी विरलं. म्हणजे तो थट्टा करत नव्हता… प्रयत्न करत होता! तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून कितीतरी जास्त आनंद झाला.

तेवढ्यात सायरन वाजला. सगळे रांगेने खाली कडुलिंबाखाली जमले. अनुयाने माणसं मोजली, तेवीस बरोबर भरली, आणि ती उलटी जिन्याकडे धावली. संकल्प आडवा आला.

"सामानासाठी कुणी परत जायचं नाही. आत्ताच शिकवलं!"

"अर्ज आहे माझा साहेबांच्या टेबलावर. बदलीचा! आज जाणार आहे तो."

त्याचा चेहरा उतरला. "तुम्ही… चाललात?"

"तुमच्यामुळेच! मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, संकल्प. मस्करी!"

त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "अरे देवा! मतलब, इतके दिवस तुम्हाला वाटलं की मी…"

"हो."

"मी कोशिश करत होतो हो! आज पण करतोय."

तिचे डोळे भरून आले. "मग नीट बोला. हिंदीत बोला हवं तर."

"नाही, मराठीतच." तो एकेक शब्द जुळवत बोलला. "तुम्ही जाऊ नका. मला… तुमच्याशिवाय करमत नाही."

त्यात एकही चूक नव्हती. अनुया वळली. रांगेत, अवघ्या दोन पावलांवर, नागपूरचे श्रीपाद साहेब आभाळाकडे बघत उभे होते. इथे मराठी कळणारे तेवढे एकच!

"सर," ती म्हणाली, "तो अर्ज फाडून टाकाल?"

"सायरन थांबू दे आधी," साहेब मिशीत हसले. "आत्ता वर जाता येत नाही ना."

सायरन चांगला पाच मिनिटं वाजत राहिला. तेवढा वेळ अनुयाने सगळ्या मजल्यादेखत संकल्पचा हात धरून ठेवला.