तीन पायांचं मागणं

“ओ बाई, रेघेवर पाय देऊ नका...”

तोपर्यंत मी दिला होता. ओल्या चपलेला फक्की चिकटली आणि मैदानभर माझी पांढरी पावलं उमटत गेली. बालवर्गाच्या मुलांसाठी पाण्याची कळशी घेऊन चालले होते मी. खेळाच्या जयवंत सरांनी फक्कीचा डबा खाली ठेवला, कपाळावरचा घाम पुसला, तर फक्की कपाळालाही लागली.

“आता धावणारी पोरं तुमच्या पावलांवरून वळतील,” ते म्हणाले.

“वळू देत. थेट पाण्यापाशी तरी पोचतील.”

ते हसले... आणि मला कळशी उगीच जड वाटायला लागली.

बोरीवलीतली आमची शाळा लहान. पूर्वी ते एका ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती, शेतकऱ्याचं भाताचं कोठार होतं. थोरल्या फादरांनी तिथे वर्ग भरवला, शेतात शर्यती लावल्या. बक्षिसं आणणं परवडेना, म्हणून त्यांनी ठरवलं – शेवटची, तीन पायांची शर्यत जी जोडी जिंकेल तिने एक मागणं मागायचं आणि फादरांनी नाही म्हणायचं नाही. मागणं मात्र दोघांचं मिळून एकच. थोरले फादर गेले, पद्धत राहिली. दरवर्षी सोमवारची सुट्टीच मागितली जायची.

संपात बाबांची गिरणी बंद पडली, तेव्हा मी इथे आया म्हणून लागले. वर्षभर सरांच्या वाटेत येत राहिले – कधी चुकून, कधी ठरवून. मग त्या जानेवारीत कळलं, नाशिकच्या एका मोठ्या शाळेने त्यांना बोलावलंय. स्पोर्ट्स डे झाला की उत्तर कळवायचं होतं.

“जाणार?” मी विचारलं.

“थांबा म्हणणारं कोण आहे इथे,” ते म्हणाले आणि फुटबॉलमध्ये हवा भरत राहिले.

मी कळशी उचलली आणि बालवर्गाकडे वळले.

स्पोर्ट्स डेला शेवटची शर्यत शिक्षकांची आणि आयांची. जोड्या मुलं लावायची. नववीतल्या मृणालिनीने आम्हा दोघांना ओढून शेजारी उभं केलं आणि रुमालाने पाय बांधले.

“बाई, जिंका हं. सुट्टी पाहिजे.”

“आधी बांधलेला पाय टाकायचा,” सर म्हणाले.

“माहीत आहे. तुम्ही लांब टांगा टाकू नका.”

“मग धर ना मला नीट.”

पहिल्यांदाच अरेतुरे... मी त्यांचा खांदा धरला. अडखळलो, सावरलो, जिंकलो. पोरं ‘सुट्टी, सुट्टी’ ओरडायला लागली. मुख्याध्यापक फादर रेबेलो खुर्चीवरून उठले.

“बोला, काय पाहिजे?”

सरांच्या आधी मीच म्हणाले, “सर इथेच राहायला पाहिजेत.”

फादरांनी चष्मा काढून झग्याला पुसला.

“मागणं दोघांचं लागतं, शेवंती. जयवंत, तुझं काय?”

सर माझ्याकडे पाहत राहिले. पाय बांधलेले, मला मागेही सरकता येईना.

“शाळेसाठी राहू?” त्यांनी हळूच विचारलं.

“शाळेसाठी फादर बोलतील,” मी म्हणाले. “मी माझ्यासाठी बोलले.”

सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“फादर,” ते मोठ्याने म्हणाले, “माझंही तेच मागणं.”

मृणालिनीने कपाळाला हात लावला.

“वाट लागली. गेली ना यार सुट्टी.”