बाईंचं सोवळं

मिरजेच्या गुणसूत्र-प्रयोगशाळेत डॉ. सुलोचना वाटवे यांनी पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला. शेहेचाळीस. हवे होते सत्तेचाळीस. आठ वर्षांच्या शाल्मलीच्या पेशींत घातलेलं कृत्रिम गुणसूत्र विभाजनात पुन्हा हरवलं होतं. ते टिकलं नाही, तर तिचं रक्त बनणं थांबणार होतं. आता एकच मात्रा उरली होती.

बाई प्रत्येक गुणसूत्र आधी धुऊन घेत, चिकटलेलं एकूण एक परकं प्रथिन काढून टाकत. प्रयोगशाळेत याला ‘बाईंचं सोवळं’ म्हणत. पाच वर्षांपूर्वी रघुनाथ कोष्टी याच पद्धतीने बरे झाले होते. नंतरच्या तिघांत मात्र गुणसूत्र टिकलं नव्हतं. त्यांतले दोघे आता नव्हते.

“बाई, ही मात्रा न धुता देऊ या,” सहकारी डॉ. रियाज मुजावर म्हणाले.

परक्या प्रथिनाने ताप येईल, आणि पूर्वदाखल्याशिवाय रुग्णालयाची नीतिसमिती परवानगी देणार नाही, असं बाईंनी सांगितलं. रियाज हटले नाहीत, समजावू लागले. पेशी विभागताना प्रत्येक गुणसूत्राला धागे ओढून नेतात. धागा धरणारी ओढकडी जिथे ठाणप्रथिन, म्हणजे जागेची खूण धरून ठेवणारं प्रथिन, बसलेलं असतं तिथेच बांधली जाते.

“आणि ही जागा डीएनएच्या अक्षरांत लिहिलेली नसते. जुनं प्रथिन नव्याला शेजारी बसवून घेतं. तुमच्या कीर्तनात मागे उभे राहून साथीला गाणारे झीलकरी असतात ना? ध्रुवपद कुठं उचलायचं हे नवा माणूस जुन्याच्या शेजारी उभा राहून शिकतो. आपण सगळे जुने एकदम हाकलले.”

“मग कोष्टींचं कसं टिकलं?”

“धुतलं असतं तर टिकलंच नसतं, बाई.”

बाईंनी कोष्टींच्या वेळची जुनी वही काढली. ‘धुतलं’, त्यांचंच अक्षर. हातमोजे चढवण्याआधी नोंद करायची, ही शिस्तही त्यांचीच. तारीख रामनवमीच्या आदल्या दिवसाची होती. देवळात पाचला कीर्तन होतं आणि बाईंना तिथे पोचायची घाई होती.

“त्या दिवशीचं आख्यान मला अजून पाठ आहे, रियाज,” त्या हळूच म्हणाल्या. “धुतल्याचं मात्र काही आठवत नाही.”

त्यांनी तो शब्द खोडला, शेजारी सही केली आणि पान समितीकडे पाठवलं. सोबत दगावलेल्या त्या दोघांची नावंही लिहिली. न धुता गुणसूत्र टिकल्याचा पूर्वदाखला त्या पानावरच होता. परवानगी आली.

मात्रा दिल्यावर शाल्मलीला दोन दिवस ताप होता. तिसऱ्या आठवड्यात रियाजनी पेशी मोजल्या आणि पडदा बाईंकडे वळवला.

सत्तेचाळीस.

बाईंनी हातमोजे उतरवले, आणि मग नोंद केली.