आढाव्यातला दुसरा आवाज

हे सांगण्याआधी माझ्या मित्रानं, अमृतनं, माझा मोबाईल बंद करायला लावला. बंद केल्यावरही तो उचलून स्वतःच्या टेम्पोत ठेवून आला.

मग शिवऱ्याच्या एका चहाच्या टपरीवर बसून बोलला. थापा मारणारा माणूस नाही तो. घडलं ते त्याच्याच घरात, मार्गासनी गावात, गेल्या फेब्रुवारीत.

अमृत भाजीचा टेम्पो चालवतो. पहाटे पुण्याला जातो, अंधार पडता पडता परततो. बायको प्रेरणा घरी बसून लॅपटॉपवर एका कंपनीचं काम करायची. घरात दोघंच. घर वस्तीपासून बाजूला, ओढ्याच्या वरच्या अंगाला.

त्या महिन्यात लॅपटॉप आपोआप अपडेट झाला आणि त्यात एक नवी सोय आली... 'आजचा आढावा'. दिवसभर स्क्रीनवर काय केलं, जवळपास काय बोलणं झालं, ते लॅपटॉपच थोडक्यात लिहून ठेवायचा. ही सोय प्रेरणानं मागितली नव्हती. ती आली तीच सुरू होऊन.

एका मंगळवारी अमृत घरात शिरला. प्रेरणा पाणी भरत होती. उघड्या स्क्रीनवर एक ओळ होती...

'दुपारी प्रेरणा आणि एक पुरुष यांचं बोलणं झालं.'

"दुपारी कोण आलं हुतं?"

"कोण न्हाई."

"मग ह्ये काय?"

तिनं वाचलं. चेहरा उतरला.

"आवो, म्या दिसभर तोंड उघडलं न्हाई. कुनाशी बोलू?"

अमृतला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी तिनं त्याच्यासमोर ती सोय बंद केली. बंद झालेली त्यानं डोळ्यांनी पाहिली.

संध्याकाळी आढावा तयार होता.

'पुरुषानं विचारलं, अमृत कधी येतो?'

त्याखाली...

'प्रेरणानं सांगितलं, अंधार पडल्यावर.'

"खरं सांग. कोण हाय त्यो?"

ती रडली नाही. भडकली.

"माजं ऐकनार का त्या डबड्याचं?" लॅपटॉप उचलून तिनं त्याच्या हातात कोंबला. "न्या ह्याला घराभाईर."

भोरला शार्दूलचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. अमृतनं लॅपटॉप तिथं नेला. शार्दूलनं सगळं तपासलं.

"अमृतराव, ही यंत्रं कधीकधी मनानंच काहीतरी रचतात. पण सोय बंद असताना हे ऐकतंय, ते काही बरोबर नाही. थोडे दिवस राहू दे इथं."

अमृतला हायसं वाटलं. यंत्रच खोटं.

पुढच्या आठवड्यात तो परत गेला, तेव्हा शार्दूल नजर चुकवत होता.

"दुकानातलं सगळं बोलणं टिपलंय यानं. मी फोनवर बायकोशी भांडलो, तेसुद्धा. पुसून टाकलं मी."

"आनि रचलेलं?"

"तेच तर..." शार्दूल हळूच म्हणाला. "एक शब्दही रचलेला नाही."

लॅपटॉप तिथंच ठेवून अमृत निघाला. वाटभर डोक्यात एकच.

यंत्र खरं बोलतंय... म्हणजे घरात कुणीतरी येतं.

दोन दिवसांनी तो पुण्याला जातो म्हणून निघाला आणि गेलाच नाही. भर दुपारी टेम्पो लांब रस्त्यावर सोडून पायवाटेनं चढून आला.

ऊन रणरणत होतं. पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं.

घराला दार एकच. आतून कडी. बाहेर फक्त प्रेरणाच्या चपला.

त्यानं हात दारावर ठेवला. अजून वाजवलंही नव्हतं... तेवढ्यात आतून तिचा आवाज आला. दबका. कुणाला तरी सांगितल्यासारखा.

"...आज लवकर आलेत."

मग शांत.

त्यानं दार बडवलं. बऱ्याच वेळानं कडी निघाली. प्रेरणा डोळे चोळत उभी. गालावर चटईचे वळ उमटलेले.

"तुमी? आत्ता? बरं न्हाई का वाटत?"

त्यानं माळा पाहिला. कणगीमागं पाहिलं. मोरी पाहिली.

कुणी नव्हतं.

लॅपटॉप अजून भोरलाच आहे. प्रेरणानं ते काम सोडलं. आता घरात काय बोललं जातं, ते लिहून ठेवणारं कुणी नाही.

"वहिनींना विचारलंस का?" मी म्हणालो.

"काय इचारू?" अमृतनं चहाचा ग्लास तसाच खाली ठेवला. "ती झोपेतच बोलली, गालावरचं वळ म्या बघितल्यात. पन म्या दाराशी उबा हाय... ह्ये तिला कुनी सांगितलं?"