घड्याळजीकाकांचा डावा हात

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नजर गेलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना धीर द्यायचा, हे माझं नर्सचं काम. त्या दुपारी तीनला घड्याळजीकाकांकडे गेले. त्यांची सून कामावर निघाली होती. दारातच डोळे पुसत म्हणाली, "सिस्टर, दोन दिवस जेवले नाहीत. वर म्हणतात, कुणी बाई दिसते... वेड तर नाही ना लागत?" दार नुसतं लोटून ती गेली.

काका खिडकीपाशी होते. केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारी ती बोटं मांडीवर निपचित पडली होती.

"या. चहा विचारला असता, पण घर पेटवून बसायचो."

मी हसले. जवळ बसून समजावलं, "काका, नजर गेली की मेंदू मनानंच चित्रं रंगवतो. वेड नव्हे ते. बाई दिसली की सरळ हात पुढे करा. हाताला काही लागलं नाही, की भीती जाईल."

"आत्ता करू?"

"आत्ता?"

"तुमच्या मागंच उभी आहे..."

मला मागे वळवेना. खोलीत ओल्या लोखंडाचा वास पसरला. काकांनी डावा हात पुढे केला. तो हवेत अडला. बोटं सावकाश मिटली, कुणाचा हात धरावा तशी.

"गार आहे हो, सिस्टर..."

आणि ते उठले. एरवी भिंत चाचपत चालणारा माणूस टेबल चुकवून भराभरा निघाला. दार उघडलं. पुढे जिना. पहिल्या पायरीशी मी त्यांचं उजवं मनगट गच्च पकडलं. काडीसारखा म्हातारा, पण पलीकडून चौघं ओढत असावेत असा जोर! माझे पाय फरशीवरून घसरू लागले.

"काका, सोडा तो हात!"

"कशाला? कुणाच्या उपयोगाचा राहिलोय मी?"

"सून दारात रडत होती, काका! तिला तुम्ही हवे आहात... दिसत नसलं तरी हवे आहात!"

त्यांचा चेहरा पिळवटला. एकेक करून बोटं उघडली. ओढ एकदम तुटली आणि आम्ही दोघंही मागे कोसळलो.

मला धाप लागली होती. तोंडातून शब्द फुटत नव्हता. उजवं मनगट मात्र मी सोडलं नव्हतं.

काकांनी मान डावीकडे वळवली. "बरं, बरं... बसतो," ते हळूच म्हणाले.

"कुणाशी बोलताय?" मी कसंबसं विचारलं.

ते दचकले. झटकन मान उजवीकडे, माझ्या दिशेला वळवली.

"तुम्ही इकडं आहात? मग... 'घाबरू नका, बसा, मी सिस्टर', हे डाव्या कानाशी तुमच्याच आवाजात कोण म्हणालं?"