तीस वर्षांची बाटली

पहिला घोट घेताच हर्षाने ग्लास खाली ठेवला.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला ब्रँडी चाखायला जमलेले बारा पाहुणे रिकामे ग्लास घेऊन तिच्याकडे बघत होते. तीस वर्षं ओकच्या पिंपात मुरलेली ग्रीक ब्रँडी! मनुक्यांचा गोडवा, गुलाबपाकळ्यांचा वास, मागून संत्र्याची साल, असं ती त्यांना आत्ताच रंगवून सांगून बसली होती. जिभेवर आलं भलतंच. गोडवा निम्मा, तोंड कोरडं पाडणारा तुरटपणा, आणि शेवटी घशाशी किंचित झणका.

तिने पाहुण्यांची माफी मागितली आणि दुकानाच्या मालकाला फोन लावला.

"यानिस, बाटलीत भेसळ आहे."

"शुक्रवारपासून कुठे होती ती?"

"माझ्या घरी."

चव आपोआप बिघडणं शक्यच नव्हतं. पिंपातून काढली की ब्रँडीचं वय थांबतं, बाटलीत ती मुरत नाही, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. पिंप त्याच्या वडिलांनी भरलेलं, आणि ही त्यातली शेवटची बाटली.

"कोणी केलं ते सहापर्यंत सांग," तो म्हणाला. "नाहीतर दुकानाची किल्ली टपालपेटीत टाक."

नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या हर्षाला पाच वर्षं घरात काढल्यावर ही नोकरी मिळाली होती. ट्रेनमध्ये ती किल्ली मुठीत आवळून बसली. ही नोकरी गेली तर परत घरातल्या खिडकीपाशी बसून दिवस मोजायचे.

झूटरमेरला घरी पोचेपर्यंत साडेचार वाजले. नवऱ्याने, अश्वजितने, दार उघडताच तिने त्याला धारेवर धरलं.

"बाटलीला हात लावलास?"

"मला हवी असती तर तुझ्याकडेच मागितली असती ना!"

"काल दुपारी मी दुकानात होते तेव्हा काय प्यायलास?"

"चहा. बाबांनी त्यांचा कोरा केला, मला दुधाचा दिला. दोन चमचे साखर घालून. का गं?"

हर्षा आत गेली. लेक गुंजन जमिनीवर चित्र काढत होती. शुक्रवारी हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, पॅरासिटामोल द्या आणि वाट बघा एवढंच सांगितलं होतं, आणि पोर रात्रभर खोकत होती. आज एकदाही खोकली नव्हती.

"गुंजन, आजोबांनी तुला काही प्यायला दिलं?"

"नो ममा. नथिंग."

हर्षाने तिला जवळ घेतलं. बनियनला गुलाबाचा वास येत होता.

बाबा स्वयंपाकघरात होते. नात सांभाळायला नागपूरहून आलेले, रोज सकाळी पंचशील म्हणणारे, आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेले तिचे सासरे बबनराव.

"बाबा, तुरटपणा चहाचा होता," ती म्हणाली. "झणका आल्याचा. गोडवा कमी झाला, म्हणजे चहा बिनसाखरेचा. अश्वजित दोन चमचे साखर घेतो. आलं घालून, बिनसाखरेचा कोरा चहा या घरात एकच माणूस पितो. आणि ब्रँडी गुंजनच्या बनियनला आहे. तुम्ही तिच्या छातीला चोळलीत."

बबनरावांनी गॅस बंद केला.

"डॉक्टर औषध देईना. पोर निळी पडायची खोकून. आमच्याकडे ब्रँडीच चोळतात, आणि जुनी तेवढी गुणाची म्हणून... दोन दिवस चोळली. बाटली उतरलेली दिसली तसा घाबरलो. रंग जुळला म्हणून चहा ओतला." त्यांनी चहाचं भांडं बाजूला सारलं. "दारू न पिण्याचं शील आयुष्यभर पाळलं, आणि खोटं न बोलण्याचं एका दुपारी मोडलं. फोन लाव त्यांना. मी सांगतो, तू शब्द न बदलता त्यांना कळेल अशा भाषेत सांग."

पावणेसहा वाजले होते. बाबा बोलत गेले, हर्षा इंग्रजीत सांगत गेली. काहीच लपवलं नाही.

मग यानिसने विचारलं, "मुलीचा खोकला थांबला?"

"थांबला."

"मग किल्ली राहू दे तुझ्याकडे."

"काय म्हणाले?" बाबा पुन्हा पुन्हा विचारत होते. हर्षाने डोळे पुसले. "नोकरी राहिली," म्हणत तिने किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली.