पुरवणीचं वाक्य

पुरुषांना मनाच्या डॉक्टरकडे नेणं कोल्हापुरात सोपं झालं, ते त्यांना तिथं बोलावं लागेनासं झाल्यावर. त्याआधी सगळे उपाय करून झाले होते. सरकारनं चाळिशीपुढच्या प्रत्येक पुरुषाला समुपदेशन फुकट केलं, चौकाचौकात फलक लावले, पैलवानांकडून जाहिराती करवल्या. पुरुष यायचे, खुर्चीत बसून पंख्याकडे बघायचे आणि ‘तसं काही नाही, सगळं ठीक आहे’ असं म्हणून चहा पिऊन जायचे. मग गळपट्टा आला.

मनात एखादं वाक्य जुळलं, की तोंड मिटलेलं असलं तरी जिभेच्या आणि गळ्याच्या स्नायूंना बारीकसे संदेश जातात. आपल्याला त्यांचा पत्ता लागत नाही, पण गळ्याभोवती बांधलेल्या मऊ पट्ट्याला लागतो. पट्टा ते संदेश वाचतो आणि समोरच्या पेटीतून त्या माणसाच्याच आवाजात बोलून दाखवतो. बायका खूश झाल्या. स्कूटर सर्व्हिसिंगला टाकावी तसा नवरा आणून बसवायचा, पट्टा बांधायचा आणि आपण ऐकत राहायचं.

वनिता मगदूम नवऱ्याला घेऊन आली ती मात्र एकाच प्रश्नासाठी. तिचा नवरा जयसिंग एका फौंड्रीत भट्टीवर उभं आयुष्य घालवलेला माणूस. त्यांचा एकुलता एक श्रेयस तिसरीत असताना डेंग्यूनं गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी रक्षाविसर्जन झालं आणि दुपारी, पाहुणे अजून घरात असताना, जयसिंग डबासुद्धा न घेता दुसऱ्या पाळीला निघून गेला. का गेला, ते त्यानं कधी सांगितलं नाही. मुलाचं नावही पुन्हा घेतलं नाही. लोक म्हणाले, माणूस आहे की दगड! वनिता लोकांशी भांडली, पण मनातून तिलाही तेच वाटत राहिलं. त्याला आता वीस वर्षं होऊन गेली होती.

“ह्यांना काय वाटलं होतं का न्हाई, एवढं मला एकदा कळू दे,” ती डॉक्टर गार्गी सबनीसना म्हणाली. “पोरगं काय माझ्या एकटीचं होतं?”

डॉक्टर तिशीच्या आतबाहेरची, शांत मुलगी होती. तिनं पट्टा बांधला आणि जयसिंगला म्हणाली, “काका, तुम्ही काही बोलू नका. फक्त तो दिवस आठवा.”

जयसिंगनं डोळे मिटले. त्याच्या मनात वाक्य असं नव्हतंच. दार होतं, दारातलं ऊन होतं, आणि दोन हात होते, त्यांचं काय करावं ते कळत नव्हतं. तेवढ्यात पेटी बोलली.

“श्रेयस गेला तेव्हा मी आतून कोसळलो होतो. पण तुला आधार हवा होता, म्हणून मी खंबीर दिसत राहिलो. माझं दुःख मी कामात लपवलं. मला माफ कर.”

आवाज हुबेहूब त्याचा. वनितानं तोंडावर पदर घेतला आणि ती हमसून हमसून रडली. मग तिनं, परक्या माणसासमोर, नवऱ्याचा हात धरला. एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. ती तोंड धुवायला बाहेर गेली, तशी जयसिंगनं विचारलं, “मॅडम, हे मी म्हटलं व्हय?”

डॉक्टरनं त्याच्या गळ्याचा पट्टा सोडला. “थोडं तुम्ही, थोडी पुरवणी.”

“पुरवणी म्हंजे?”

“काही जणांच्या मनात भावना असते, पण तिला शब्द मिळालेले नसतात. मग संदेश तुटक येतात. अशा वेळी यंत्र मधली जागा भरून काढतं. आजवर हजारो पुरुषांनी हा पट्टा बांधलाय. अशा प्रसंगी त्यांना काय म्हणायचं होतं, त्यावरून ते अंदाज करतं.”

“आणि त्यात माझं काय होतं?”

तिनं पडद्यावर पाहिलं. “तीन शब्द. शुक्रवार, बूट, हात. विषयाशी संबंध लागला नाही, म्हणून यंत्रानं ते गाळले.”

“म्हंजे सगळीच पुरवणी की.”

तिनं पडदा बंद केला.

“आमच्यात ओतलेल्या कास्टिंगला पोकळी राहिली, की पुट्टी भरून, वर रंग मारून खपवणारे असत्यात,” जयसिंग म्हणाला. “आम्ही त्यास्नी शिव्या घालतो.”

“काका, तुम्ही म्हणत असाल तर मी आत्ता काकूंना खरं सांगते.” तिनं काचेच्या दाराकडे बोट केलं. “आधी त्यांच्याकडे एकदा बघा.”

बाहेर वनिता फोनवर बहिणीशी बोलत होती. रडून लाल झालेलं नाक, आणि चेहरा कसा मोकळा. लग्नाच्या नव्या दिवसांत ती अशी दिसायची.

“ऱ्हाऊ दे,” जयसिंग म्हणाला.

रिक्षात तिनं विचारलं, “खरंच तुमच्या मनातलं होतं न्हवं ते?”

“माझंच,” तो म्हणाला.

पुढचे दिवस सुखाचे गेले, आणि त्या सुखाची त्याला लाज वाटत राहिली. ती त्याच्यासाठी खास बाजारातून ताजे मासे आणायची. श्रेयसचा फोटो कपाटातून काढून तिनं भिंतीवर लावला. जयसिंग जेवताना मान खाली घालून जेवायचा. दुसऱ्याच्या ताटावर बसल्यासारखं वाटायचं त्याला. ते वाक्य त्याला दाताच्या फटीतल्या कुसळासारखं टोचत होतं. कोसळलो? नव्हतो कोसळलो. खंबीर? तेही नाही. मग काय होतं ते? आयुष्यात पहिल्यांदाच तो शब्द शोधू लागला. चुकीचं वाक्य समोर होतं म्हणूनच बरोबर वाक्याची वाट सापडत होती, ही त्यातली गंमत.

मग एका रविवारी वनिता शेजारच्या माळकरवहिनींकडे भिशीला गेली आणि लवकर परत आली. चपला काढायच्या आधी हसायलाच लागली. ते हसणं काही बरं नव्हतं.

“माळकरवहिनींचे सासरे गेले न्हवं, तर माळकरभावोजी पट्टा बांधून काय बोलले, ते त्या सांगत होत्या. ‘मी आतून कोसळलो होतो, पण तुला आधार हवा होता...’ मी पुढचं बोलून दाखवलं. मग कोपऱ्यातल्या सुतारवहिनींनीबी. तिघींनी मिळून म्हटलं, आरतीगत.” ती खुर्चीत बसली. “आधी लई हसलो. मग सुतारवहिनी म्हणाल्या, यंत्रच पदरची पुरवणी जोडतंय म्हणं, आणि कुणी कुणाकडं बघंना. आता आपला नवरा कधी स्वतःचं बोललाय, हे कुणाला ठावं?”

जयसिंग तिच्यासमोर उभा राहिला. गळ्याला पट्टा नव्हता.

“शुक्रवार होता त्या दिवशी,” तो म्हणाला. “शनिवारी शाळेत त्याला पांढरा ड्रेस असायचा. शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या कॅनव्हासच्या बुटास्नी पांढरं मी लावायचो. दर शुक्रवारी. त्या दिवशी बूट दारातच होते. दुपारपासनं माझे हात गप बसंनात. घरात ऱ्हायलो असतो, तर पाहुण्यांच्या पुढ्यात बूट रंगवायला घेतले असते. म्हणून भट्टीवर गेलो. श्रेयसचे बूट...”

वनितानं त्याच्या गळ्याकडे बघितलं. मग तोंडाकडे.

“चांगलं हाय,” ती म्हणाली. “बूट-बिट घालून चांगलं जुळवलंय. नवीन पुरवणी आली वाटतं त्या मॅडमकडं.”

“न्हाई गं. हे माझंच हाय.”

ती उठली आणि भिंतीवरचा फोटो काढून पदरानं पुसू लागली.

“त्या दिवशी रिक्षातबी तुम्ही ‘माझंच’ म्हटला होता.”